लग्न ठरतंय, पण सातबाऱ्याचं काय? (पुनर्विवाहाआधीचा करार)

केळफूल
नमस्कार. तीन-चार वर्षं इथे नुसती वाचते आहे, लिहायची वेळ आज आली.

वय ३७. माहेर चोपडा तालुक्यात, सासर यावल तालुक्यात. मिस्टर अपघातात गेले, पाच वर्षं होतील. मुलगी दहा वर्षांची. आता मामांच्या ओळखीतून एक स्थळ आलंय. धुळ्याला शिक्षक आहेत, त्यांची बायको आजारपणात गेली, मुलगा नववीत आहे. दोनदा भेटलो. दुसऱ्या भेटीत माझ्या मुलीशी अर्धा तास बुद्धिबळ खेळले आणि मुद्दाम हरले नाहीत. ते मला आवडलं.

माझ्याकडे काय आहे ते सांगते. मिस्टरांच्या वाट्याला आलेली साडेतीन एकर बागायत, सध्या केळीची कांदेबाग उभी आहे, दीर बटाईने करतात. सातबाऱ्यावर माझं, मुलीचं आणि सासूबाईंचं नाव वारस म्हणून लागलंय. जळगावला दोघांच्या नावावर घेतलेलं रो-हाऊस आहे, भाड्याने दिलंय. विम्याचे पैसे एफडीत. माहेरचं-सासरचं मिळून थोडं सोनं.

दीर म्हणतात, "वहिनी, खुशाल संसार करा, बैठक आम्हीच बसवू. फक्त जाताना हक्कसोड करून द्या. दुसऱ्याचं मंगळसूत्र घातलं की आमच्या जमिनीत तुमचं काय राहिलं?" मामा म्हणतात, पाचशेच्या स्टॅम्पवर नव्या माणसाकडून लिहून घे की तुझ्या मालमत्तेवर त्याचा हक्क नाही.

दीर म्हणतात ते खरं आहे का? आणि मामा म्हणतात तो कागद चालतो का?

बट्टीवाला
लग्नाआधीच करार म्हणजे लग्न करताय की ठेका देताय? मनात एवढा संशय असेल तर मुलीला घेऊन सुखाने राहा की. राग मानू नका, स्पष्ट बोलतो.

शहाद्याची_लेक
@बट्टीवाला, आपल्याकडे सुपारी फुटायच्या आधी किती तोळे घालायचे, हळदीचा खर्च कोणाकडे, मामाला फेटा कोणता, हे बारा माणसांत बसून ठरतं. तेव्हा कोणी ठेका म्हणत नाही. बाईने स्वतःच्या जमिनीचं विचारलं की लगेच ठेका झाला?

केळफूल ताई, हक्कसोडवर सही करू नका. बाकीचं जाणकार सांगतील, पण हे आधी ऐका.

अ‍ॅड_वाघूर
जळगाव कोर्टात दिवाणी कामं बघतो, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी दीरांचं. ते बोलतात तो कायदा एकेकाळी खरंच होता. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाला परवानगी दिली, पण त्याच्याच दुसऱ्या कलमात म्हटलं होतं की पुनर्विवाह केला की मृत नवऱ्याच्या मालमत्तेतला तिचा हक्क ती मेल्यासारखा संपेल. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या डोक्यात तेच बसलंय. पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने नवरा गेला त्या क्षणी बायकोचा वाटा तिचा, कलम १४ नुसार पूर्ण मालकीने. एकदा मिळालेला वाटा पुढे लग्न केलं म्हणून परत जात नाही. त्या कायद्यात एक कलम २४ होतं, पण ते मुलाच्या, नातवाच्या किंवा भावाच्या विधवेबद्दल होतं, स्वतःच्या नवऱ्याच्या वारशाबद्दल नव्हतंच. तेही २००५ मध्ये गेलं. १८५६ चा कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये, चेरोट्टे सुगाथन प्रकरणात, हे पुन्हा स्पष्ट केलंय.

म्हणजे हक्कसोड ही तुमच्या खिशातली वस्तू आहे. दिली तर जाईल, नाही दिली तर जाणार नाही.

आता मामांचं. हिंदू विवाह कायद्यात लग्नाआधीच्या कराराची सोय नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे आहे, आपल्याकडे नाही. आणि यातली खरी अडचण वेगळीच आहे. लोकांना वाटतं करार घटस्फोटासाठी करायचा. अहो, घटस्फोट झाला तरी आपल्या कायद्यात बायकोची मालमत्ता अर्धी-अर्धी वाटत नाहीत. तुमची जमीन तुमचीच राहते. धोका आहे तो तुम्ही गेल्यावर.

कलम १५ बघा. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर पहिले वारस तिची मुलं आणि नवरा, सारख्या वाट्याने. इथे नवरा म्हणजे तेव्हाचा नवरा. देव न करो, पण उद्या तुम्हाला काही झालं तर तुमच्या वाट्याची केळीची जमीन निम्मी तुमच्या मुलीला आणि निम्मी धुळ्याच्या सरांना. नव्या लग्नातून मूल झालं तर तीन वाटे. पुढे सर गेले की त्यांच्या वाट्यातला हिस्सा त्यांच्या मुलाकडे. कोणी कोणाला फसवलेलं नसतं, तरी जमीन अशी वळते.

आणि "माझा वारसा हक्क मी आत्ताच सोडतो" असं सरांनी स्टॅम्पवर लिहून दिलं तरी त्यावर विसंबू नका. पुढे कधीतरी वारस होण्याची नुसती आशा ही देता-घेता-सोडता येणारी वस्तूच नाही, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ६ सांगतं.

म्हणून कुलूप कराराला नाही, मृत्युपत्राला लावायचं.

धरणगावचा_भाचा
वाघूर साहेबांनी हक्कसोडबद्दल लिहिलं म्हणून. माझ्या मावशीचं सांगतो. तिचं म्होतर (दुसरं लग्न) ठरलं तेव्हा मी सातवीत असेन. सासरच्यांनी ओटीत नारळ आणि साडी घातली आणि त्याच बैठकीत अंगठा घेतला. मावशीला सही येत होती. तरी अंगठाच घेतला, का ते आजपर्यंत कळलं नाही. जांभळी शाई तिने नव्या साडीच्या पदराला पुसली, तो डाग मला अजून दिसतो. तिला वाटलं लग्नाचा कागद आहे. पुढे तिचा मुलगा जमीन मागायला गेला तेव्हा कळलं की आईचं नाव फेरफाराने कधीच कमी झालेलं. मुदत निघून गेलेली, वकिलानेही हात वर केले.

मला एवढंच म्हणायचंय, बैठकीत सही करायचीच नाही. चांगले लोक असतील तर आठ दिवस थांबतील.

केळफूल
धन्यवाद सर्वांना. भाचा भाऊ, वाचून पोटात गोळा आला.

वाघूर सर, तीन प्रश्न.
दीर म्हणतात मुलगी दुसऱ्या घरी गेली, आडनाव बदललं की तिचाही हक्क जातो. खरं का?
मुलीच्या नावापुढे सातबाऱ्यावर "अ.पा.क. आई" (अज्ञान, पालनकर्ती आई) लिहिलंय. माझं लग्न झालं की पालन कोण करणार?
सासूबाईंचा तिसरा हिस्सा म्हणतात, तो तसाच का?

अ‍ॅड_वाघूर
आडनावाचा आणि वारशाचा संबंध नाही. पुनर्विवाहानंतर मुलाचं आडनाव ठरवायचा अधिकार आईला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलंय, पण आडनाव कोणतंही लावा, बाप तोच राहतो. अगदी कोणी रीतसर दत्तक घेतलं तरी दत्तक जाण्याआधी मुलाकडे आलेली मालमत्ता त्याच्याचकडे राहते.

पालनकर्ती तुम्हीच. आईने लग्न केलं म्हणून पालकत्व जात नाही. सावत्र बाप कायद्याने नैसर्गिक पालक होतच नाही. आणि मुलीचा हिस्सा तुम्हालाही विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, त्याला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. दीर असोत, सर असोत, नाहीतर तुम्ही स्वतः असा, मुलगी १८ वर्षांची होईपर्यंत तो हिस्सा तसा बंद पेटीत आहे. परवानगीशिवाय कोणी विकलाच तर सज्ञान झाल्यावर ३ वर्षांत ती व्यवहार रद्द करून मागू शकते. तुमच्या सगळ्या मालमत्तेत सगळ्यात सुरक्षित तेवढाच तुकडा आहे, बघा गंमत.

सासूबाईंचं. जमीन मिस्टरांनी स्वतः खरेदी केलेली असती तर बायको, मुलगी, आई असे सरळ तीन वाटे. पण तुम्ही लिहिलंय "वाट्याला आलेली", म्हणजे वडिलोपार्जित. मग हिशोब असा मांडता येतो: मिस्टर गेले त्याच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं धरायचं. मिस्टर, मुलगी आणि तुम्ही, तिघांना तिसरा-तिसरा. मग मिस्टरांच्या तिसऱ्या हिश्श्याचे पुन्हा तीन वाटे. गुरुपाद मगदूम प्रकरणात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच रीत घालून दिली, आणि मुलगी जन्माने हिस्सेदार हे २०२० मध्ये विनीता शर्मा निकालात पक्कं झालं. त्या हिशोबाने सासूबाईंना नववा हिस्सा येतो, तुम्हाला आणि मुलीला चार-चार नववांश. हे कागद बघून कोणाकडून तरी नीट तपासून घ्या. आणि माझं ऐकाल तर सासूबाईंशी यावर भांडू नका. त्यांनी मृत्युपत्र केलं नाही तर त्यांच्या वाट्यात तुमच्या मुलीला बापाच्या जागेवर हिस्सा येणारच आहे.

पांझरा_किनारी
आमच्यात वेगळं आहे म्हणून लिहितो. मुस्लिम विधवेला मूल असेल तर नवऱ्याच्या मालमत्तेचा आठवा हिस्सा, नसेल तर चौथा. दुसरा निकाह केला म्हणून तो परत घेत नाहीत. आणि लग्नाआधी अटी लिहायच्या तर निकाहनाम्यात लिहिता येतात, मेहेरही त्यातच ठरतो. उलट आमच्यात मृत्युपत्राला मर्यादा आहे, तिसऱ्या हिश्श्यापुरतंच. म्हणून माझ्या बहिणीने दुसऱ्या निकाहाआधी मुलाच्या नावावर घर हिबा (बक्षीस) करून टाकलं, ताबाही दिला.

शहाद्याची_लेक
आमच्याकडचंही एक. शहादा, धडगाव, अक्कलकुवा भागातल्या भिल्ल-पावरा बायकांनी वरचं जसंच्या तसं घेऊ नये. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू नाही, कलम २(२). तिथे रूढी बघतात, आणि जमीन बिगर-आदिवासीकडे जायला वेगळी बंधनं आहेत. त्यांनी स्थानिक वकील गाठावा.

दुसरा_डाव
दुसऱ्या बाजूने लिहितो. मी विधुर होतो, चार वर्षांपूर्वी एका विधवा बाईंशी लग्न केलं. पहिल्या भेटीतच त्या म्हणाल्या, माझं घर माझ्या मुलाचं. मला, खरं सांगतो, झोंबलं. दोन दिवस फोन केला नाही. मग माझ्या मोठ्या बहिणीने विचारलं, तुझा प्लॉट कोणाचा? मी म्हटलं, माझ्या मुलींचा, अजून कोणाचा? ती नुसती बघत राहिली.

आम्ही दोघांनी एकाच दिवशी मृत्युपत्रं नोंदवली. तिचं घर तिच्या मुलाला, पण मी हयात असेपर्यंत मला त्यात राहता येईल असं तिने स्वतःहून घातलं. माझा प्लॉट मुलींना, पेन्शन आणि बँकेतले पैसे तिला. शिवाय एक साधा कागद केला, त्यात कोणाकडे लग्नाआधी काय होतं त्याची यादी. कोर्टात त्याला किंमत असो नसो, घरात आहे. परवा फ्रीज कोणाचा यावर मुलांचं भांडण झालं तेव्हा यादीच काढली (फ्रीज तिचा निघाला).

केळफूल ताई, सरांना सरळ विचारा. झोंबेल. दोन दिवस द्या.

भुसावळ_जंक्शन
रिटायर्ड माणूस आहे, कागदांचा अनुभव. एफडीचं कोणी बोललं नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे घेऊन वारसांना देणारा माणूस. बहुतेक जणी लग्नानंतर नव्या नवऱ्याला नॉमिनी करून टाकतात, बँकेतला माणूसच सुचवतो. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारीने. मुलगी लावा, ती लहान आहे तोवर तिच्या वतीने पैसे घ्यायला भावाचं नाव द्या, आणि मृत्युपत्रात तेच लिहा. दोन कागद दोन बोलले की भांडण.

मिस्टर पीएफवाले होते का? ईपीएस पेन्शन विधवेने लग्न केलं की बंद होते, पण मुलांना चालू राहते. अर्ज करावा लागतो, आपोआप होत नाही.

सोनं: जळगावला सराफाकडे जाऊन एकेक डाग वेगळा वजन करून चिठ्ठी घ्या. "बांगड्या ४" असं नको, ग्रॅम हवेत. फोटो काढा. लॉकर एकटीच्या नावावर.

बट्टीवाला
सगळं वाचलं. माझं पहिलं वाक्य जरा जड झालं, मागे घेतो. ठेका म्हणालो तेव्हा माझ्या चुलत बहिणीचं डोक्यात नव्हतं, ती पण याच वाटेवर आहे. एक विचारतो. मृत्युपत्रच करायचं तर लग्नाआधी कशाला, लग्नानंतर निवांत केलं तर? लग्नाने जुनं मृत्युपत्र रद्द होतं असं ऐकलंय.

अ‍ॅड_वाघूर
चांगला प्रश्न. ते ख्रिश्चन आणि पारशी लोकांसाठी खरं आहे, लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र रद्द. हिंदूंना ते लागू नाही. म्हणून लग्नाआधी केलेलं चालतं. आणि "नंतर निवांत" म्हणणारी माणसं मी फार पाहिली. लग्नानंतर नवऱ्याच्या घरात बसून, त्याला न दुखावता मृत्युपत्र करणं म्हणजे काय असतं ते बायकांना विचारा.

मृत्युपत्राशिवाय काय होतं, याचं टोक सांगतो. नारायणीदेवी म्हणून एक बाई होत्या. १९५५ मध्ये लग्न, तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला. सासरच्यांनी घालवून दिलं. आईबापांनी शिकवलं, नोकरी केली, पैसे साठवले. १९९६ मध्ये गेल्या, मृत्युपत्र नाही, मूल नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची स्वकष्टाची कमाई त्याच सासरच्या वारसांना दिली. न्यायालय म्हणालं, सहानुभूती आहे पण कायदा असा आहे. त्यांच्या पेटीत एक पानाचा कागद असता तर हे सगळं टळलं असतं.

केळफूल ताई, मृत्युपत्रात हे बघा. गट नंबर, क्षेत्र, घराचा सिटी सर्व्हे नंबर पूर्ण लिहा. मुलीसाठी पालक म्हणून भावाचं नाव घाला, तो अधिकार तुम्हाला आहे. दोन साक्षीदार, ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे, शक्यतो तुमच्यापेक्षा वयाने लहान. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण करा. डॉक्टरचा दाखला जोडलात तर उत्तम.

मुलीच्या नावावर आत्ताच बक्षीसपत्र करा असंही कोणी सुचवेल. महाराष्ट्रात मुलांना राहतं घर किंवा शेतजमीन द्यायला मुद्रांक फक्त २०० रुपये आहे, वर नोंदणीचा वगैरे खर्च, म्हणून मोह होतो. पण तुम्ही ३७ च्या आहात. सगळं देऊन हात रिकामे करू नका. मृत्युपत्र उद्या बदलता येतं, बक्षीसपत्र नाही.

आणि ती कांदेबाग. दिरांशी बटाईचं लेखी करा, वर्षा-वर्षाचं. ई-पीक पाहणी (पिकाची सातबाऱ्यावर जाणारी ऑनलाइन नोंद) कोणाच्या नावाने होते ते मोबाईलवर आजच बघा.

केळफूल
बघितली. दिरांच्या नावाने आहे. तीन वर्षांपासून.

शहाद्याची_लेक
😐

केळफूल
दोन महिन्यांनी येतेय. काय झालं ते लिहिते, कोणाला उपयोग होईल.

सरांना फोनवर सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "माझ्या मुलाचंही मग लिहून टाकू." दुसरा_डाव भाऊ, दोन दिवसही लागले नाहीत.

दिरांचं अवघड गेलं. बैठक दोनदा मोडली. आमच्याकडचे एक मोठे माणूस म्हणाले, शिकलेली बाई म्हणून अशी बोलते. मी वाघूर सरांचं १९८३ आणि २००८ एका कागदावर लिहून नेलं होतं, तो कागद कोणी वाचलाच नाही. शेवटी सासूबाई बोलल्या. आतल्या खोलीतून आल्या, हातात फेरफाराचा जुना उतारा, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला. दिरांना म्हणाल्या, "तिन्हं नाव मी लावेल शे." तिचं नाव मीच लावलंय. वारस नोंदीला तलाठ्याकडे त्याच गेल्या होत्या, मी तेव्हा दवाखान्यात होते. मला हे माहीतच नव्हतं. त्यानंतर हक्कसोडचा विषय निघाला नाही. दीर अजून बोलत नाहीत. बटाईचा कागद झाला, रब्बीची पीक पाहणी माझ्या फोनवरून केली, केळीच्या बुंध्याशी उभं राहून फोटो काढताना नेटवर्क तीनदा गेलं.

दुय्यम निबंधक कार्यालयात दोघांची मृत्युपत्रं नोंदवली. बोटांचे ठसे मशीनवर घेतात आता, शाई नाही. भाचा भाऊ, तुमच्या मावशीची आठवण झाली. कारकून म्हणाला, "लग्न पुढच्या आठवड्यात आणि आज मृत्युपत्र?" सर म्हणाले, "हो, पत्रिका छापायच्या आधीच घ्यायची होती तारीख, मिळाली नाही."

एकच राहिलं. लग्नानंतर आधारवर नाव बदललं तर सातबाऱ्यावर आणि मृत्युपत्रावर जुनं नाव आहे, त्याचं काय?

अ‍ॅड_वाघूर
अभिनंदन ताई. नाव बदलणं सक्तीचं नाही, जुनं ठेवलंत तर सगळ्यात सोपं. बदललंच तर विवाह नोंदणी दाखला आणि राजपत्राची प्रत मृत्युपत्राच्या मूळ प्रतीसोबत ठेवा, आणि पुढे कधी मृत्युपत्र बदलाल तेव्हा दोन्ही नावं "उर्फ" लावून लिहा. मूळ प्रत घरात ठेवू नका.

केळफूल
घरात नाहीये. सासूबाईंच्या पिशवीत आहे.